चालती गोपद्मं

मंगलाने पाय मागे घेतला, तरी त्या बाईने तो धरलाच.

“अहो, नका. पायाला रांगोळी लागलीय माझ्या.”

“लागू दे माताजी. तेवढंच पुण्य,” म्हणत तिने कपाळ टेकलं. तिच्यामागची दुसरी पदर सावरून वाकली. तिसरी चपला काढत होती. आषाढी एकादशीची सकाळ, आठ वाजून गेलेले, आणि उधन्याच्या त्या रो-हाउसच्या ओट्यावर मंगला भिंतीला पाठ लावून उभी होती. आणखी मागे सरायला जागा नव्हती.

बायकांना घेऊन आलेले काशिनाथभाई फाटकाशी उभं राहून माहिती देत होते, देवळातल्या मूर्तीची देतात तशी. सत्संग मंडळाचे ते सुरतेतले प्रमुख. “यांच्या यजमानांनी चैत्रात घर सोडलं. श्रीकांतभाऊ. बँकेतला ऑफिसर माणूस. मुलीचं लग्न केलं, रिटायर झाले, आणि सगळ्या संसाराला लाथ मारून स्वामीजींच्या चरणी गेले. लाथ मारायलासुद्धा छाती लागते.”

“लाथ बसली कुणाला?” मंगलाने विचारलं.

तिचा आवाज मुळातच बारीक. आरतीतसुद्धा तो शेजारच्या बाईला ऐकू जात नसे. काशिनाथभाईंनी मान डोलावली, जणू तिने काहीतरी विनयाचं बोलून दाखवलं होतं.

मग ते आत आले आणि नेमके श्रीकांतच्या खुर्चीत बसले. बायका सतरंजीवर. मंगलाने चहा केला, कारण दारात आलेल्याला चहा करायचा असतो. कप हातात घेऊन काशिनाथभाईंनी कामाचं सांगितलं.

“त्रिपुरी पौर्णिमेला दीक्षा ठरलीय. आदल्या दिवशी, वैकुंठ चतुर्दशीला, ते इथे येतील. स्वतःच्या दारात उभं राहून भिक्षा मागतील. तुम्हाला माई म्हणतील. तुम्ही झोळीत अन्न घालायचं. बस्स. तीच तुमची अनुमती. ती मिळाल्याशिवाय स्वामीजी दीक्षा देत नाहीत, त्यांचा तसा नियमच आहे. दीक्षेच्या दिवशी मग ते स्वतःचं श्राद्ध करतील.”

“जिवंतपणी?”

“संन्याशाचा मागचा जन्म मेलेलाच असतो माताजी.”

“मग मी कोण?”

काशिनाथभाई हसले. प्रेमळच हसले. “तुम्ही त्यागमूर्ती.”

“कुंकू लावायचं का मी?”

सतरंजीवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. “ते तुमच्या इच्छेवर,” काशिनाथभाई म्हणाले आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

ते गेल्यावर मंगला बाहेर आली. ओट्यावर, तुळशीपुढे, तिने पहाटे काढलेली तेहतीस गोपद्मं होती. म्हणजे असायला हवी होती. पायावर डोकं ठेवायला आलेल्या बायकांनी ती तुडवून टाकली होती. नुसता पांढरा चिखल उरला होता.

गोपद्मांचं हे तिचं पाचवं वर्ष, शेवटचं. आषाढी एकादशीपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत रोज तेहतीस गोपद्मं काढायची, म्हणजे गाईच्या खुरांचे ठसे. फूल वाहायचं, हात जोडायचे. पाच वर्षं. श्रीकांतच्या छातीत दुखलं होतं, नळीत जाळी बसवली होती, त्या वर्षी सासूबाईंनी तिच्याकडून हा वसा घेववला होता. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. सासूबाई पुढच्याच वर्षी गेल्या. नवरा खडखडीत बरा झाला, इतका की स्वामीजींच्या नर्मदाकाठच्या आश्रमात पहाटे तीनला उठून थंड पाण्याने आंघोळ करायला लागला. आणि ज्याच्या आयुष्यासाठी ती ठसे काढत होती तो आता स्वतःच्या नावाने पिंड ठेवणार होता.

तो गेला ती सकाळ काही विशेष नव्हती. ती कणीक मळत होती. तो कापडी पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. “स्वामीजींची आज्ञा आहे. जातो मी. गॅसचा नंबर लावलाय, सोमवारी सिलिंडर येईल.” एकतीस वर्षांच्या संसाराचा शेवटचा शब्द सिलिंडर. तिला वाटलं चार दिवसांच्या शिबिराला चाललाय. तिने विचारलंसुद्धा, “डबा देऊ का?”

दारूपायी गेला असता, बाईपायी गेला असता, तर चार माणसं तिच्या बाजूने बोलली असती. देवाकडे गेलेल्या माणसाची तक्रार कुठल्या चौकीत करायची? ती स्वतः सोमवार करणारी, चातुर्मासात मौनाने जेवणारी. देवावर राग धरायचा नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. देवाचं नाव घेऊन चहा प्यायला येणाऱ्यांवर धरायचा की नाही, ते कुणी शिकवलं नव्हतं. चैत्रापासून तो राग तिच्या पोटात होता. दूध आटवताना तळाशी लागतं तसा लागलेला. ढवळला तरी सुटत नव्हता, आणि वास सगळ्या घराला.

वसा टाकायचा नसतो. तिने ओल्या फडक्याने ओटा पुसला आणि आतून छापा आणला.

छापा म्हणजे प्लॅस्टिकचा चपटा डबा. तळाला भोकाभोकांनी तेहतीस गोपद्मं कोरलेली, अकराच्या तीन ओळी. रांगोळी भरायची, फरशीवर टेकवायचा, वरून दोनदा टिचकी मारायची, उचलायचा. श्रीकांतनेच आणला होता, वसा घेतला त्याच आठवड्यात. “अर्धा तास कशाला वाकून बसायचं? देवाला तेहतीसशी काम.” चार वर्षं ती तेच करत आली होती. टिचकी, टिचकी, झालं.

आज तिने टिचकी मारली आणि रांगोळी पडली नाही. दमट हवेने भोकं बुजली होती. तिने पुन्हा मारली. मग चापट. मग तो डबा तिने ओट्याच्या कडेवर आपटला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तो मधोमध तडकला तेव्हा तिच्या तोंडून बारीक आवाजात जो शब्द निघाला तो तिने आयुष्यात उच्चारला नव्हता.

शेजारच्या घराच्या बाहेरच्या जिन्यावर सुषमा साडी पसरून टिकल्या चिकटवत बसली होती. वरच्या खोलीत राहायची. नवरा भिकन लूमवर कामाला, ही घरी बसून साड्यांचं काम करणारी, माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं. तिने वर बघितलं, शब्द नीट ऐकला, आणि काही न बोलता पुढची टिकली लावली.

मंगलाने चिमटीत रांगोळी घेतली.

हात विसरला होता. धार कुठे जाड, कुठे तुटलेली. गोपद्म म्हणजे दोन पाकळ्या, मधे फट. नंदुरबारला सात वर्षांची असताना ती डोळे मिटून काढायची. आता एकेकाला मिनिट लागलं आणि तेहतीस संपेपर्यंत अंगठा वळला. वाकडीतिकडी तीन ओळींत ती उभी होती, पावसाने गैरहजेरी झालेल्या दिवशी वर्गात उरलेल्या मुलांसारखी. पण टिचकी मारून पडलेली नव्हती. तिने फूल वाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला भूक लागली, नेमकी एकादशीला.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. हात सुटत गेला. राग नाही सुटला. सत्संगाच्या बायका दर गुरुवारी येत, पाय धरत, फोटो काढत. मंगला आता आधीच पायांवर पाणी घेऊन ओली उभी राहायची, म्हणजे निदान साड्या तरी भिजाव्यात.

श्रावणात एका सकाळी सुषमा जिन्यावरून म्हणाली, “ताई, एक इचारू का? राग नका मानज्यात.”

“विचार.”

“तुमनी गाय लंगडी शे का?”

“म्हणजे?”

“नही, तेहतीस पाय टाकात तिनी, पन जागावरथीन हालनी नही. रोज तठेच. उभी राहीसन काय करी राह्यनी ती, कवायत?”

मंगला ओट्याकडे बघत राहिली. अकरा, अकरा, अकरा. खरंच. कुठली गाय अशी चालते?

“आमना मानूस पिईसन घर सोडस, तो सकायले वापस येस,” सुषमा टिकली दाबत म्हणाली. “तुमना बिगर पिएल गया, तो काय येस आते. मी म्हनस, गायले तरी मोकळं सोडा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मंगला चिमटीत रांगोळी घेऊन बराच वेळ उकिडवी बसली. मग पहिलं गोपद्म तिने तुळशीपाशी काढलं. दुसरं त्याच्या थोडं पुढे, तिरपं. तिसरं ओट्याच्या पायरीवर. पायरीवरून उतरताना गाय पुढचे पाय जुळवते, बिचकते. म्हणून दोन ठसे जवळजवळ, खोल. मग अंगणाच्या फरशीवरून नळापर्यंत. नळाशी तिने चार खुर एकत्र काढले: गाय थांबली, पाणी प्यायली. तिथून फाटकापर्यंत. फाटकाच्या फटीतून तेहतिसावा ठसा अर्धा आत, अर्धा बाहेर.

तिने कंबर सरळ केली, बघितलं आणि हसली. आवाज करून हसली. हसू फुटलं तसा हात तोंडावर गेला, कारण घरात आठवडेच्या आठवडे कुणी हसलं नव्हतं आणि तिला क्षणभर वाटलं, दुसरंच कुणीतरी हसलं.

लग्नाआधी ती अशीच होती. नंदुरबारच्या गल्लीत दिवाळीला तिच्या दारापुढून सायकलींवरून उतरून त्या हातात धरून न्याव्या लागत, एवढी रांगोळी. सुरतेतल्या पहिल्या दिवाळीत तिने याच ओट्यावर मोर काढला होता, पिसारा पार गटाराच्या फरशीपर्यंत. श्रीकांत बँकेतून आला, मोराला वळसा घालून आत गेला आणि म्हणाला, “लोकांचे पाय पडतात, पाप लागतं. देवापुढे काढ एवढीशी.” एवढीशी म्हणताना त्याने दोन बोटांत अंतर दाखवलं होतं. रागावला नव्हता. तो कधीच रागवत नसे, बोटांनी अंतर दाखवत असे. पुढे ते अंतर कमी कमी होत छाप्याएवढं झालं, आणि तिला कळलंसुद्धा नाही. हे आता, सत्तावन्नाव्या वर्षी, फाटकाशी उकिडवी बसून कळलं, तेव्हा हसू तसंच राहिलं आणि खालून संताप वर आला. दोन्ही एकदम.

त्यानंतर गाय थांबली नाही.

भाजीला नवागामच्या बाजूला जाताना मंगला रस्त्यातल्या गाईंचे पाय बघत चालू लागली. पुढचा खुर पडतो, मागचा त्याच्याच शेजारी येतो. चिखलात फट रुंदावते. घाबरली की ठसे विस्कटतात. सगळं ती लक्षात ठेवायची आणि पहाटे काढायची. रोज फक्त तेहतीस. वशाचा आकडा तिने कधी मोडला नाही. पण तेहतीस ठशांत किती मावतं. एके दिवशी गाय कुत्र्याला बुजली. एके दिवशी बसली: ठसे थांबले आणि पुढे फक्त पुसटशी गोल जागा. एका गुरुवारी गाईने लाथ मारली. अठ्ठावीस ठसे शांत, मग चार खोल रुतलेले, आणि मग तेहतिसावा एकटाच, ओल्या बोटाने भिंतीवर, काशिनाथभाई टेकून उभे राहायचे तिथे. कुणाला कळलं नाही. सुषमाला कळलं. तिने साडी तोंडात कोंबली.

चिरोडी म्हणजे रंगीत रांगोळी तिने भाद्रपदात आणली. दूध प्यायला उभ्या राहिलेल्या वासराचे चार ठसे गेरूचे, गाईचे पांढरे. सोसायटीतल्या बायका सकाळी दार उघडून आधी तिच्या अंगणाकडे बघायला लागल्या. समोरच्या मोठ्या बेन गॅलरीतून विचारायच्या, “मंगलाबेन, आजे तमारी गाय मारे त्यां केम न आवी?” मग दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून त्यांच्या पायरीला जायची. जिन्यापाशी आली की सुषमा ओरडायची, “मन्हा दारशी उनी, मन्हा दारशी उनी,” आणि नळाच्या पाण्याची बादली त्या दिवशी ठशांना वळसा घालून न्यायची.

सुखाची तिला भीती वाटायची. दुपारी देवघरापुढे बसून ती बाळकृष्णाला सांगायची, मी तुला विसरले नाही हो, तुझ्याच गाई आहेत. आणि मग, मूर्तीशी तोंड नेऊन, आणखी हळू, “पण तुला माझंच माणूस लागलं होतं का? बँकेत इतके होते.”

दिवाळीत लेक अनुजा आली, बडोद्याहून, एकटीच. नोकरी, सासर, दोन दिवसांची सुट्टी. तिने अंगण बघितलं, मोबाइलवर फोटो घेतले, आईला मिठी मारली.

“आई, किती छान. बघ ना, बाबा गेल्यामुळे तू मोकळी झालीस. एका अर्थी बरंच झालं.”

मंगला करंजीच्या कडा कातत होती. कातणं थांबलं.

“मोकळी मला कुणी केलं?”

“म्हणजे तसं नाही गं...”

“मी मागितलं होतं का मोकळं कर म्हणून? की त्यांनी विचारलं होतं, मंगल, मोकळी होतेस का?” आवाज तोच, बारीक. अनुजाला पुढे झुकून ऐकावं लागत होतं. “माझ्या हातात रांगोळी आली ती माझ्या रागाने आली. त्याचं पुण्य तुझ्या बाबांच्या झोळीत टाकू नकोस. आधीच खूप पडलंय तिच्यात.”

अनुजाने एक करंजी उचलून ताटात ठेवली. म्हणाली, “मग चतुर्दशीला काय करणारेस? काशिनाथकाकांचा मला फोन येतो. तू नाही म्हणालीस तर बाबा ना इकडचे ना तिकडचे.”

“मी सात महिने तशीच आहे.”

“आई.”

“वाढीन,” मंगला म्हणाली. “दारात उभ्या राहिलेल्या माणसाला अन्न नाही म्हणत नाही कुणी. पण अनुजा, त्यांनी चैत्रात मला समोर बसवून विचारलं असतं ना, तर मी चार दिवस रडून हो म्हटलं असतं. मला माहितेय मी म्हटलं असतं. तेच खुपतं मला. माझा होकार होता माझ्याकडे. कुणी मागितलाच नाही.”

द्वादशीला उद्यापन झालं. जोडीने बसायचं असतं. गुरुजी म्हणाले, यजमानांच्या जागी सुपारी ठेवू. सुषमा मदतीला आली होती. पाटावरच्या सुपारीकडे बघून ती हळूच म्हणाली, “बरं शे ताई. आज्ञा तरी नही सांगस.” गुरुजींचा मंत्र चुकला.

वसा संपला होता. आता ठसे काढायची गरज नव्हती, तेहतीसचीही नव्हती. चतुर्दशीला मंगला तरी पहाटे उठली आणि पहिल्यांदाच न मोजता काढत गेली. ओट्यापासून फाटकापर्यंत अख्खा कळप, पांढरा, गेरूचा, हळदीचा, पुढे ढकलाढकली करणारी वासरं, मागे रेंगाळणारी एक म्हातारी. आठ वाजता हात धुऊन तिने पुरण शिजायला टाकलं. श्रीकांतला पुरण आवडायचं. भिक्षाच वाढायची तर चांगली वाढायची. आत एक पानही मांडून ठेवलं, का ते तिला सांगता आलं नसतं.

साडेअकराला गाडी आली. काशिनाथभाई, चौघं-पाच जण, आणि श्रीकांत. भगव्या आधीचं पांढरं वस्त्र, मुंडण, अनवाणी. फार वाळला होता. गळ्याची हाडं दिसत होती. मंगलाचा सगळा राग एकदम फेसासारखा खाली बसला. ताट हातात घेऊन ती उंबऱ्यात आली आणि तिने पहिलं विचारलं ते, “छातीची गोळी घेताय ना?”

काशिनाथभाईंनी बोट ओठांवर ठेवलं. एकाने मोबाइल वर धरला होता. “माताजी, आता बोलायचं नाही. रेकॉर्डिंग चालू आहे.”

श्रीकांत अंगणातून चालत ओट्यापाशी आला. झोळी पसरली. तिच्या चेहऱ्याकडे नाही, खांद्याच्या वर कुठेतरी बघून म्हणाला, “माई, भिक्षा वाढ.”

तिने ताट पुढे केलं.

“थांबा, थांबा,” मोबाइलवाला म्हणाला. “मागून रिक्षा गेली. आवाज नाही आला. परत एकदा, महाराज.”

“माई, भिक्षा वाढ,” श्रीकांत पुन्हा म्हणाला. या वेळी जास्त चांगलं म्हणाला. शब्दांमध्ये अंतर ठेवून.

मंगलाचा हात तसाच हवेत होता. ताट जड होतं. तिला वाटलं, अजून काही म्हणेल. एवढ्या जवळ आलाय, एक तरी शब्द. आणि तो खरंच पुढे झुकला, आवाज उतरवला, आणि म्हणाला, “मंगल, आटप लवकर. एकला या मंडळींचा पुढे कार्यक्रम आहे. आणि हे काय अंगणभर करून ठेवलंयस? पाय ठेवायला जागा नाही.”

झोळी धरलेल्या हाताची दोन बोटं किंचित जवळ आली होती. तिने त्याच्या पायांकडे बघितलं. तो एका वासरावर उभा होता. त्याच्यामागे, फाटकापर्यंत, कळप मधोमध फाटला होता.

मंगलाने ताट मागे घेतलं. कठड्यावर ठेवलं. त्यावर झाकण ठेवलं.

“पुढं व्हा महाराज,” ती म्हणाली.

“काय?”

“भिक्षा नाही. पुढचं घर बघा.”

मोबाइल अजून वर होता. काशिनाथभाई पुढे आले. “माताजी, ही काय चेष्टेची वेळ आहे? उद्या दीक्षा आहे. अडीचशे माणसं येताहेत.”

“काशिनाथभाऊ, भिक्षा मागणाऱ्याला घरची बाई नाही म्हणू शकते की नाही?”

“शास्त्राप्रमाणे... म्हणजे तसं...”

“म्हणू शकत नसेल तर तिला भिक्षा म्हणू नका. वसुली म्हणा.”

आवाज बारीकच होता. पण अंगणात इतकी शांतता होती की तो समोरच्या गॅलरीत बेनना ऐकू गेला.

“मंगल,” श्रीकांत म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत होता. सात महिन्यांत पहिल्यांदा, किंवा त्याहून जास्त काळात. “सगळं झालंय माझं. फक्त एवढंच राहिलंय. तू एवढं...”

“एवढंसं?” तिने विचारलं.

त्याने झोळीवरची बोटं आवळली.

“आत पान मांडलंय,” ती म्हणाली. “पुरण केलंय. भूक लागली असेल तर या, हात धुवा, बसा. तुमचंच घर आहे. जेवताना सांगा काय सांगायचंय ते, विचारा काय विचारायचंय ते. मी ऐकेन. कदाचित हो पण म्हणेन. पण आत आलात तर मंगलकडे यायचं. माई इथे कुणी राहत नाही.”

श्रीकांतचे डोळे तिच्या बाजूने आत गेले. त्याची खुर्ची, भिंतीवरचं कॅलेंडर, पाटापुढचं पान. जीभ ओठांवरून फिरली. मग त्याने मान वळवून काशिनाथभाईंकडे बघितलं, आणि काशिनाथभाईंनी मान हलवली: घरात पाऊल टाकायचं नाही.

तो तसाच उभा राहिला. मंगला वाट बघत होती. खरंच बघत होती.

“पुढलं घर मन्हंच शे महाराज,” जिन्यावरून सुषमा म्हणाली. “दुधीनी भाजी शे. चाली का?”

श्रीकांतने झोळी गुंडाळली, बँकेत फाइल बंद करायचा तशी नीट, कडा जुळवून. काशिनाथभाई कुणाला तरी फोन लावत होते, “स्वामीजींना विचारावं लागेल, दुसरा काही मार्ग...” सगळे वळले. जाताना तो ठशांना वळसा घालायला बघत होता, पण जागा नव्हती.

गाडी थोडी लांब लावली होती. तिथपर्यंत त्याचे अनवाणी पाय काळ्या डांबरावर उमटत गेले. पहिलं पाऊल पाचही बोटांसकट, पांढरं-पिवळं. मग टाच आणि अंगठा. मग नुसती टाच. गाडीच्या दाराशी काहीच नव्हतं.

गाडी वळेपर्यंत मंगला उभी राहिली. मग कठड्यावरचं ताट उचलून आत गेली, मांडलेल्या पानावर बसली आणि पुरणपोळीवर तूप घेतलं.

पहिला घास घशात अडला. ती पाणी प्यायली, आणि तिने दुसरा घेतला.